बावन्नाव्या वर्षी २२६ किलोमीटर

ऑगस्टमध्ये स्वीडनहून परतल्यापासून मार्केट यार्डात भेटणारा प्रत्येक परिचित काही ना काही विचारतोच. अडते विचारतात, ‘शेठ, बक्षीस किती मिळाले?’ नातलग विचारतात, ‘डॉक्टरांनी परवानगी दिली होती ना?’ आणि वडीलधारी मंडळी आडपडदा न ठेवता विचारतात, ‘या वयात हे कशासाठी?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बक्षीस काही नाही. एक पदक आणि एक सदरा, एवढीच प्राप्ती. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे वजनकाट्याशेजारी उभ्या उभ्या देता येण्यासारखी नाहीत, म्हणून या महिन्याचे सदर त्यांच्यासाठी राखले आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये एकाच दिवशी, एकामागून एक, ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धावायचे असते. मध्ये कपडे व बूट बदलायला जो वेळ लागतो तोही हिशेबात धरला जातो. बहुतेक ठिकाणी सोळा-सतरा तासांची मर्यादा असते आणि प्रत्येक टप्प्यालाही स्वतंत्र मुदत असते. ती चुकली की स्पर्धकाला बाजूला घेतले जाते.

या प्रकाराचा उगम हवाई बेटांवरचा. पोहणारा अधिक दमदार की धावणारा, असा वाद तेथे रंगला आणि अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी तो मिटवण्यासाठी ओआहू बेटावरच्या तीन शर्यती एकत्र जोडण्याची कल्पना मांडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले आणि १२ जण पोहोचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत आला. त्याच्याशी अखेरपर्यंत झुंजणारा जॉन डनबार मागे पडला, आणि त्याची कथा आम्हा व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे: त्याच्या मदतनिसांजवळचे पाणीच संपले आणि त्यांनी त्याच्या हाती बिअर दिली. पुरवठा कोलमडला की उत्तम मालही वेळेवर पोहोचत नाही. स्वतः कॉलिन्सही त्या दिवशी उतरले होते. त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि त्यांना सतरा तास लागले. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच या खेळात मध्यमवयीन हौशी माणसाची जागा ठरलेली आहे.

आता वयाचा प्रश्न. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच कमी, जवळजवळ निम्मी असते. पण थांबत मात्र नाही. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही दर वर्षी सुमारे पाऊण ठोक्याने खाली येते. स्नायू झिजतात, आणि ज्या श्रमांतून तरुण मुलगा एका रात्रीत सावरतो त्यांतून सावरायला आम्हाला तीन दिवस लागतात. हे सारे मी जाणतो, कारण ही माझी चौथी पूर्ण पल्ल्याची स्पर्धा होती आणि सहा वर्षांपूर्वीच्या आकड्यांची वही माझ्यापाशी आहे. त्या वहीशी आजचा आकडा ताडून पाहिला की तूट दिसतेच.

तरीही हा खेळ प्रौढांवर कृपाळू आहे. सिस्टर मॅडोना ब्यूडर या अमेरिकी जोगिणीने २०१२ साली वयाच्या ८२ व्या वर्षी कॅनडातील स्पर्धा मुदतीत पुरी केली. जपानचे हिरोमु इनादा २०१८ साली हवाईतल्या जागतिक स्पर्धेत शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले तेव्हा ८५ वर्षांचे होते. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशी पुरी होण्याच्या काही महिने आधी, झ्युरिकची स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पार केली आणि त्यानंतर पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ पन्नाशीच्या माणसांनी अडगळीतली सायकल बाहेर काढली. शंभर मीटर धावण्यात असे घडणे शक्य नाही. तेथे सारे काही वेगावर अवलंबून. येथे वेगापेक्षा खर्चावरचा ताबा अधिक कामास येतो, आणि खर्चावरचा ताबा वयाबरोबर वाढू शकतो.

त्या ताब्याकडे वळण्यापूर्वी घरच्या जमाखर्चाविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ लेखांत हा भाग गाळलेला असतो. तयारीला दहा महिने लागतात. आरंभी आठवड्याला आठ-नऊ तास, अखेरीस पंधरा तास. आमचा व्यवसाय भुसाराचा. फेब्रुवारी ते एप्रिल तूर-हरभऱ्याच्या आवकीचे दिवस, त्यातच मार्चअखेर. त्या काळात पहाटे साडेचारला उठून कात्रजचा घाट सायकलीने चढणे आणि दहाच्या आत पेढीवर बसणे, एवढेच शक्य असते. जून-जुलैमध्ये पाऊस, मग सायकल घरातच यंत्राला जोडून भिंतीकडे पाहत तीन-तीन तास पाय मारायचे. खुल्या पाण्यात पोहण्याच्या सरावासाठी दोनदा मालवणला गेलो. पैशाचे म्हणाल तर प्रवेशशुल्क, विमान, सायकलीची पेटी, व्हिसा आणि पाच रात्रींचा मुक्काम मिळून तीन लाखांच्या वर गेले. हा पैसा परत येणारा नाही. तो खर्चाच्या बाजूलाच मांडावा. त्याला गुंतवणूक म्हणणे ही स्वतःचीच समजूत घालणे होय.

पत्नीने तीन अटी घातल्या. रविवारचे दुपारचे जेवण सर्वांबरोबर घरी. आवकीच्या दिवसांत मुलावर पेढी टाकून जायचे नाही. आणि डॉक्टरांनी नको म्हटले तर वाद न घालता थांबायचे. तिसरी अट तिने माझ्या आईच्या समक्ष वदवून घेतली, म्हणजे ती मोडण्याची सोयच उरली नाही.

ही तिसरी अट भावनेपोटी आलेली नव्हती, तिला आधार आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉनमधील मृत्यू व हृदय बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. त्यांतील दोन-तृतीयांश घटना पोहण्याच्या टप्प्यातील होत्या, बहुसंख्य व्यक्ती पुरुष होत्या आणि साठीपुढील पुरुषांत धोका कितीतरी पटींनी वाढलेला आढळला. एकंदर प्रमाण लाखात दोनहून कमी, हे खरे. पण शवविच्छेदन झालेल्यांपैकी पुष्कळांच्या हृदयात आधीपासून दडलेला दोष सापडला. चाळिशी उलटलेल्या कोणीही स्ट्रेस टेस्ट आणि टू-डी इको केल्यावाचून या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या समाजात बैठ्या व्यवसायामुळे मधुमेह आणि रक्तदाब घरोघर आहे. ‘मला काही होत नाही’ हे वाक्य गादीवर बसून म्हणायला ठीक. थंड पाण्यात त्याचा उपयोग नाही.

आता शरीराची खतावणी उघडू. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेले असते. त्यापासून दोन हजार कॅलरींच्या आसपास ऊर्जा मिळते. दिवसभराचा खर्च मात्र आठ-दहा हजार कॅलरींचा. खाऊन भरपाई करावी तर आतड्याची मर्यादा आडवी येते: तासाला साठ ग्रॅम साखर, आणि दोन प्रकारच्या साखरा मिसळून पोटाला सवय लावली तर नव्वद ग्रॅमपर्यंत. म्हणजे हाती असलेली रोकड थोडी, येणारी आवक बांधलेली आणि देणे मोठे. उरलेला भार चरबीवर. चरबी ही गोदामातल्या मालासारखी, विपुल आहे पण झटपट विकून पैसा होत नाही. तुम्ही संथ गतीने चाललात तर शरीर गोदामातला माल काढत राहते. गती वाढवलीत की ते रोकड उधळू लागते. रोकड संपली की तिसाव्या किलोमीटरवर भलाभला खेळाडू रस्त्याच्या कडेला बसतो. तेथे हिंमत दाखवून भागत नाही. सकाळी दहा वाजता केलेल्या उधळपट्टीची हुंडी संध्याकाळी सहाला वटायला येते.

आहाराच्या बाबतीत आम्हा मंडळींना आणखी थोडे काम पडते. स्पर्धकांसाठी मिळणाऱ्या चघळण्याच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते, काही जेलमध्ये मध असतो, आणि सायकलस्वारांत लोकप्रिय असलेला मीठ लावलेला उकडलेला बटाटा आमच्या घरी वर्ज्य. प्रत्येक वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावी लागतात. माझा शिधा सरळ होता: मक्यापासून बनणाऱ्या माल्टोडेक्स्ट्रिनची पूड पाण्यात विरघळवून, खजुराच्या वड्या, राजगिऱ्याची चिक्की, केळी आणि लेबल तपासून निवडलेली एका प्रकारची जेले. एका स्नेह्याने खाकरा सुचवला होता. सायकलीच्या पिशवीत खाकऱ्याचा दहाव्या किलोमीटरलाच भुगा होतो, हे सरावातच उघड झाले.

खरा पेच वेळेचा होता. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा माझा नियम वीस वर्षांचा आहे. पाण्याची मोकळीक ठेवली आहे. पहाटे सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या खेळात हा नियम कसा बसवायचा? उत्तर नकाशात आहे. उन्हाळ्यात जितके उत्तरेला जावे तितका दिवस मोठा. जूनच्या आरंभी जर्मनीतील हॅम्बुर्गला सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. सोयीची जागा तीच. पण जूनच्या स्पर्धेसाठी सर्वांत कठीण सराव एप्रिलमध्ये करावा लागतो आणि एप्रिल आवकीचा. म्हणून ऑगस्ट आणि स्वीडनमधले कालमार ठरले. तेथे ऑगस्टच्या मध्याला सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. सव्वासातला पाण्यात उतरलो तर सव्वातेरा तास हाती राहतात. सहा वर्षांपूर्वी मी १३ तास ८ मिनिटांत स्पर्धा पुरी केली होती. बावन्नाव्या वर्षी तोच आकडा येणार नाही हे उघड होते, तेव्हा अखेरचा काही भाग अन्नावाचून धावावा लागेल असे गृहीत धरूनच आखणी केली. डॉक्टरांशी आधी बोललो, आणि पुण्यात चार वेळा तीन तासांच्या धावेतली अखेरची चाळीस मिनिटे केवळ पाण्यावर काढून पाहिली. पहिल्यांदाच उतरणाऱ्या तरुणांनी माझे पाहून हे करू नये, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

कालमार हे बाल्टिक किनाऱ्यावरचे जुने व्यापारी गाव. १३९७ साली डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तीन राज्ये एका छत्राखाली आली तो करार येथलाच. समुद्राकाठी भक्कम किल्ला आहे आणि पाण्यातून जाताना त्याचे मनोरे दिसत राहतात. बाल्टिकचे पाणी फारसे खारट नसते, त्यामुळे अरबी समुद्रात अंग जसे तरंगते तसे तेथे तरंगत नाही. रबरी वेटसूट ती उणीव भरून काढतो. पाणी गार होते. पहिल्या दोनशे मीटरमध्ये श्वास आखडतो, छातीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखे वाटते. अशा वेळी अनुभव कामास येतो: चेहरा वर, चार संथ हात, श्वास पुरा बाहेर, मग पुन्हा पाण्यात. ‘घाई करू नकोस’ हे आईचे वाक्य मनात होतेच. १ तास २६ मिनिटांनी बाहेर आलो.

सायकलीचा मार्ग गावाबाहेर पडताच ओलांड बेटाकडे जाणाऱ्या पुलावर चढतो. सहा किलोमीटर लांबीचा हा पूल १९७२ मध्ये खुला झाला. एरवी त्यावर सायकलीला मज्जाव असतो. स्पर्धेच्या दिवशी तेवढी मुभा मिळते. दोन्ही बाजूंना राखाडी समुद्र, खाली जहाजांची वाट, आणि वर ढग इतके जवळ की आपण त्यांच्याच रस्त्याने चाललो आहोत असे वाटावे. पलीकडे सपाट बेट, चुनखडकाचे माळ आणि जागोजाग जुन्या लाकडी पवनचक्क्या. ज्या बेटावर लोकांनी शेकड्यांनी पवनचक्क्या उभारल्या त्या बेटावर वारा असणारच, हे वेगळे सांगायला नको.

तो समोरून आला. आणि येथेच दिवसाचा खरा निर्णय झाला. माझी मर्यादा ठरलेली होती: १४५ वॉट, हृदयगती १३२. या मर्यादेत पुण्यात मी ताशी अठ्ठावीसने जातो; तेथे काटा तेविसावर आला. साठाव्या किलोमीटरच्या आसपास माझ्याच वयोगटातले सात-आठ जण, पायांवरच्या खुणांवरून ते कळते, एकामागून एक पुढे निघून गेले. नियमाने दोन सायकलींत बारा मीटरचे अंतर ठेवावे लागते, म्हणजे कोणाच्या आडोशाला लपून वारा चुकवण्याचीही सोय नाही. त्यांच्याबरोबर जायचे तर १८० वॉट लागणार होते. पाय ताजे होते, देऊ शकले असते. पेढीवर ज्यांनी तेजी पाहिली आहे त्यांना ही अवस्था ठाऊक आहे: सारा बाजार घेतो आहे, भाव डोळ्यांदेखत चढतो आहे आणि तुम्ही हात बांधून बसलेले. शेजारचा गिऱ्हाईक तुम्हाला भित्रा समजतो. मी त्यांच्या पाठी पाहत राहिलो, दर वीस मिनिटांनी खजुराची वडी तोंडात टाकत राहिलो आणि १४५ वर राहिलो. सूर्यास्ताची वेळ ठरलेली असताना एकेक मिनिट हातचे जाताना पाहणे मनाला सोसत नव्हते, हेही खरे. पण घाईने मिनिटे वाचवून ती धावताना दुप्पट फेडायची, हा व्यवहार आतबट्ट्याचा.

बेटाला वळसा घालून पुलावरून परत, मग मुख्य भूमीवर एक फेरी, असे १८० किलोमीटर ६ तास ४८ मिनिटांत संपले. धावायला निघालो तेव्हा पावणेचार वाजले होते.

धावण्याच्या तीन फेऱ्या होत्या. गावातल्या फरसबंदी गल्ल्यांतून बाहेर वस्त्यांकडे आणि परत. कालमारचे लोक त्या दिवशी घरातल्या खुर्च्या अंगणात आणून बसतात, थाळ्या वाजवतात आणि छातीवरच्या पाटीवरचे नाव वाचून हाका मारतात. माझ्या नावाची त्यांनी जी काही गत केली ती ऐकून एकटाच हसत होतो. पहिली फेरी हलकी गेली. दुसऱ्या फेरीत उजवी मांडी बोलू लागली. दर थांब्यावर तीस पावले चालायचे आणि पुन्हा धावायचे, असा क्रम लावला. पाणी तहानेपुरतेच. अति पाणी पिऊन रक्तातले मीठ पातळ होणे हा संथ धावणाऱ्यांचा नेहमीचा धोका आहे. याच फेरीत बेटावर पुढे गेलेले ओळखीचे सदरे दिसू लागले. कोणी चालत होते, एक जण कठड्याला टेकून वाकला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेलो. त्याने मान हलवली.

आठ वाजून वीस मिनिटांनी शेवटचे जेल घेतले आणि पिशवीतली उरलेली दोन एका स्वयंसेवक मुलीच्या हाती दिली. ती देऊ नका म्हणाली, अजून साडेपाच किलोमीटर आहेत. साडेआठला पश्चिमेकडच्या झाडांमागे सूर्य उतरला तेव्हा साडेचार किलोमीटर उरले होते. पुढच्या दोन थांब्यांवर केळी, कोला, बिस्किटे मांडलेली होती. मी पाण्याचा पेला उचलला. पाय जड झाले, पण थांबले नाहीत. दुपारभर नियमाने पोटात घातलेले अजून कामी येत असावे. मध्येच वाटले की समोरच्या दिव्यांची रांग मागे मागे सरकते आहे. मनात आकडे मोजत राहिलो, शंभरपर्यंत आणि पुन्हा एकपासून.

कॅथेड्रलशेजारच्या मोठ्या चौकात शेवटची रेषा होती. ९ वाजून ५ मिनिटे. १३ तास ५० मिनिटे, म्हणजे सहा वर्षांपूर्वीपेक्षा ४२ मिनिटांनी अधिक. नंतर निकालपत्र नीट वाचले: सायकल संपताना वयोगटात ज्या जागेवर होतो त्याहून धावणे संपताना एकतीस जागा वर. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत.

तंबूत गरम पदार्थांचा वास दरवळत होता. कुडकुडत चांदीच्या रंगाचा कागद अंगाभोवती गुंडाळून मी पाणी प्यायलो. पत्नी म्हणाली, ‘थेपले आणलेत, पण उद्याच.’ मुलाचा पुण्याहून फोन आला. आई जागीच होती, त्याच्याआधी तिनेच फोन हाती घेतला आणि पाण्यातून केव्हा बाहेर आलास, एवढेच विचारले. रात्री झोप अशी लागलीच नाही; पाय उशीवर ठेवून खिडकीतून उत्तरेकडचा उजेड पाहत पडलो होतो. तेथे ऑगस्टमध्ये सूर्य साडेपाचच्या आतच उगवतो. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे मोजून सव्वासहाला पत्नीने डबा उघडला. पाच थेपले, छुंदा आणि थर्मासमधले गरम दूध. सहावा थेपला तिने आपल्या वाटणीतला दिला.